तुमच्याकडे आज किती?

२०२० च्या मार्चपासून पुढची जवळजवळ दोन वर्षे आमच्या घरातला प्रत्येक फोन याच प्रश्नाने सुरू होत असे. ताई एका प्रदेशात, मी दुसऱ्यात आणि आई तिसऱ्यात एकटी, अशी आमची विभागणी नोकरी आणि संसाराच्या ओघात पूर्वीच झालेली होती. कोरोनाची महामारी येईपर्यंत त्याचे कुणाला काही वाटतही नव्हते, कारण आईकडे जाताना लागणारी प्रदेशाची सीमा ही आमच्या लेखी रस्त्याकडेला उभी असलेली एक पाटी होती. मार्चनंतर त्या पाटीच्या अलीकडे एक नियमावली लागू झाली आणि पलीकडे दुसरी. तब्येतीची चौकशी मागे पडली आणि आकडा पुढे आला. मी एका वहीत तीन रकाने आखले आणि रोज संध्याकाळी जाहीर होणारे तिन्ही प्रदेशांतील नव्या रुग्णांचे आकडे त्यांत लिहू लागले.

आता त्या काळाविषयी बोलताना आपण सगळे ‘लॉकडाऊनमध्ये’ असा एकच शब्द वापरतो, जणू सर्वांनी एकच टाळेबंदी भोगली. तसे नव्हते. एकाच दिवशी ताईच्या मुलांची शाळा सुरू होती, मला घरापासून ठरावीक अंतरापलीकडे जाण्याची मुभा नव्हती आणि आईच्या प्रदेशात जवळपास सर्व व्यवहार खुले होते. निर्बंधांचा त्रास होताच, पण शेजारच्या प्रदेशात ते नाहीत हे पाहत ते पाळण्याचा त्रास वेगळा होता, आणि त्याविषयी फारसे लिहिले गेलेले नाही असे मला वाटते. म्हणून हे लिहीत आहे.

वहीतली माझी पहिली चूक अगदी प्राथमिक होती. तीन रकान्यांतले आकडे मी जसेच्या तसे एकमेकांशी ताडून पाहत होते. आईच्या रकान्यात कित्येक दिवस एक आकडी संख्या असे, माझ्या रकान्यात तीन आकडी. त्यावरून आई सर्वांत सुरक्षित आहे असा निष्कर्ष ताईने आणि मी काढला आणि त्यावर निर्धास्त झालो. तिच्या प्रदेशाची लोकसंख्या किती, तिथे रोज चाचण्या किती होतात, आणि त्या भागातल्या एकमेव मोठ्या रुग्णालयात अतिदक्षता विभागाच्या खाटा किती, हे तीन प्रश्न आम्ही विचारलेच नाहीत. पाच-सहा खाटा असलेल्या ठिकाणी दिवसाला दहा रुग्ण आणि पाचशे खाटा असलेल्या ठिकाणी दिवसाला पाचशे रुग्ण यांत पहिली परिस्थिती सोपी आहे असे आकडा पाहून वाटते खरे, पण पहिल्या ठिकाणी एका कुटुंबातले चौघे एकदम गंभीर झाले तरी व्यवस्था कोलमडू शकते.

दर लाख लोकसंख्येमागे आकडा मोजायचा, ही गोष्ट मला जर्मनीच्या नियमामुळे नीट समजली. ६ मे २०२० रोजी तिथल्या केंद्र आणि राज्य सरकारांनी असे ठरवले की, ज्या जिल्ह्यात सात दिवसांत दर लाख लोकसंख्येमागे ५० हून अधिक नवे रुग्ण सापडतील तिथे निर्बंध पुन्हा कडक करायचे. हा ५० चा आकडा कुठून आला, याचे उत्तरही त्यांनी दिले होते. स्थानिक आरोग्य कार्यालयांना प्रत्येक बाधिताच्या संपर्कातील माणसे शोधणे साधारण तेवढ्याच रुग्णांपर्यंत शक्य होते. त्यापुढे साखळीचा माग लागेनासा होतो. मला त्या नियमातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटली ती ही की आकड्यामागे कारण होते आणि ते आधी सांगितलेले होते. आपल्या जिल्ह्यावर संकट आले तर ते कोणत्या रेषेवर येणार, हे तिथल्या माणसाला आदल्या आठवड्यातच ठाऊक असे.

अर्थात नियम चांगला असला म्हणून त्याखाली राहणे सुखाचे होत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये ग्युटर्सलो जिल्ह्यातील एका मांस प्रक्रिया कारखान्यात हजाराहून अधिक कामगार बाधित आढळले, आणि उर्वरित देश मोकळा होत असताना ग्युटर्सलो आणि शेजारचा वारेनडॉर्फ हे दोन जिल्हे पुन्हा बंद झाले. सुट्टीवर गेलेल्या त्या जिल्ह्यातील कुटुंबांना काही पर्यटनस्थळांवरून परत पाठवण्यात आले. त्यांपैकी बहुतेकांनी तो कारखाना आतून कधी पाहिलाही नसेल. ही बातमी वाचली तेव्हा मला ती दूरची वाटली. दोनच महिन्यांनी आईच्या गल्लीतल्या लोकांनी फोनवर तिला, ‘तुमच्या मुलींना सध्या येऊ देऊ नका, त्यांच्याकडे फार आहे,’ असे सांगितले. ते योग्यच होते. तरीही ‘त्यांच्याकडे’ हा शब्द मला लागला. कालपर्यंत मी त्या गल्लीतली मुलगी होते आणि आज मी आकडा मोठा असलेल्या प्रदेशातून येणारी बाहेरची माणूस झाले होते.

दुसरी गोष्ट कळायला मला अधिक वेळ लागला, आणि ती कळल्यावर वहीकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. संध्याकाळी जाहीर होणारा आकडा त्या दिवसाचा नसतोच. मूळ विषाणूच्या बाबतीत संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच दिवस जात, कधी चौदा दिवसही लागत. त्यानंतर माणूस एक-दोन दिवस साधा सर्दी-ताप म्हणून थांबे, मग चाचणीसाठी जाई, मग अहवाल येई, मग त्याची नोंद वरच्या यादीत होई. म्हणजे मी जो आकडा आजचा म्हणून लिहीत होते तो आठ-दहा दिवसांपूर्वीच्या भेटीगाठींचा होता. रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या त्यानंतर वाढे आणि मृत्यूंची त्याहूनही नंतर. म्हणून एखाद्या सोमवारी निर्बंध लागले की पुढचा आठवडा-दीड आठवडा आकडा चढतच राही, आणि लोक विचारत की घरात बसूनही वाढतच असेल तर बसायचे कशाला. आईने हाच प्रश्न मला जरा रागाने विचारला होता. ‘तुम्ही आठ दिवस घरात आहात ना, मग तुमचा आकडा का गं चढतोय?’ त्या वेळी मला तिला नीट उत्तर देता आले नाही. आज असे सांगेन की, तो आकडा आम्ही घरात बसण्यापूर्वी जे केले त्याचा होता. घरात बसल्याचा आकडा अजून यायचा होता.

हा विलंब ध्यानात घेतला नाही तर वेळेचे गणितही चुकते. २०२० च्या मार्चमध्ये कोणतेही उपाय नसताना अनेक देशांत रुग्णसंख्या साधारण तीन दिवसांत दुप्पट होत होती. दहा रुग्ण असतील तर या गतीने तीन आठवड्यांत सात वेळा दुप्पट होऊन त्यांचे १,२८० होतात, आणि निर्णय एक आठवडा पुढे ढकलला तर बोजा सुमारे पाचपट वाढतो. दहा ही संख्या पाहून कोणालाही दुकाने बंद करावीशी वाटत नाही, आणि १,२८० पाहून ती बंद केली तर त्याआधीच लागण झालेली माणसे पुढचे दोन आठवडे येतच राहतात. आकडा लहान असताना लावलेले निर्बंध अतिरेकी वाटतात, आणि ते यशस्वी झाले तर अतिरेकीच होते असा समज कायम होतो. शासन चालवणाऱ्यांविषयी माझ्या अनेक तक्रारी आहेत, पण या एका बाबतीत त्यांची अडचण मला खरी वाटते.

विलंब कमी करण्याचे मार्गही शोधले गेले, आणि त्यांतला सांडपाण्याचा मार्ग मला विशेष वाटतो. नेदरलँड्समधील आमर्सफूर्ट शहराच्या सांडपाण्यात मार्च २०२० मध्ये, तिथे रुग्णांची नोंद होण्यापूर्वीच, विषाणूचे अंश सापडले होते. माणूस चाचणीला जावो वा न जावो, शहराचे पाणी खोटे बोलत नाही. पुढे अनेक देशांनी हे निरीक्षण नियमित केले. मला त्या वेळी हे माहीत नव्हते, नाहीतर वहीत चौथा रकाना आखला असता.

आकड्यांच्या नोंदणीत होणाऱ्या गफलतींविषयीही थोडे सांगायला हवे. शनिवार-रविवारी चाचण्या कमी होत, त्यामुळे आठवड्याच्या सुरुवातीला आकडा उतरलेला दिसे आणि आम्ही हरखून जात असू; बुधवारी तो पुन्हा चढला की निराश होत असू. सात दिवसांची सरासरी घेतली असती तर ही दर आठवड्याची चढ-उतार आमच्या मनाला सोसावी लागली नसती. इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळात तर १५,८४१ बाधितांची नोंद दैनंदिन आकड्यातून सुटली, कारण ज्या संगणकीय तक्त्यात ती भरली जात होती त्याच्या ओळींची मर्यादा संपली होती. चाचणी केलेल्यांना त्यांचा अहवाल मिळाला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधण्याचे काम त्यामुळे लांबले. शिवाय ज्या प्रदेशात चाचण्याच कमी तिथे आकडा कमी असणारच. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये असा निकष सुचवला की, केलेल्या चाचण्यांपैकी बाधित निघणाऱ्यांचे प्रमाण चौदा दिवस पाच टक्क्यांखाली राहिल्यावरच निर्बंध सैल करावेत. हा बाधित दर मी वहीत लिहायला लागले तेव्हा आईच्या प्रदेशाचा दर माझ्या प्रदेशापेक्षा जास्त निघाला. तिथला लहान आकडा शोध कमी असल्यामुळे लहान होता. त्या रात्री ताईला फोन केला तेव्हा आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

मग मी आईकडे जायचे ठरवले, आणि सीमा म्हणजे काय ते मला तेव्हा कळले. परवान्याच्या अर्जात प्रवासाचे कारण निवडण्यासाठी एक यादी होती. तिच्यात मृत्यू होता, शस्त्रक्रिया होती, अत्यावश्यक सेवा होती, पण एकट्या राहणाऱ्या आईला भेटणे हे कारण नव्हते. मी ‘इतर’ निवडले आणि अर्ज नाकारला गेला. दुसऱ्या वेळी परवाना मिळाला, तर त्यासोबत ७२ तासांच्या आतला चाचणी अहवाल आवश्यक होता आणि माझा अहवाल हातात पडेपर्यंत त्यांतले बहुतेक तास संपले होते. तिसऱ्या वेळी मी पाटीपर्यंत पोहोचले. तिथे उभा असलेला तरुण कर्मचारी उन्हात मुखपट्टी लावून सौजन्याने बोलत होता. आदल्या मध्यरात्रीपासून नियम बदलला आहे आणि माझा परवाना आता चालणार नाही, असे त्याने सांगितले. त्याच्यावर चिडण्यासारखे काही नव्हते. मी गाडी वळवली आणि पाच मिनिटांनी रस्त्याच्या कडेला थांबून आईला फोन केला. तिने पहिल्यांदा, ‘मी काही खायला करून ठेवलं नव्हतंच,’ असे म्हटले. ते खरे नव्हते हे मला ठाऊक होते.

इतरत्र लोकांनी याहून पुष्कळ कठीण सीमा पाहिल्या. जर्मनीतील कोन्स्टान्झ आणि स्वित्झर्लंडमधील क्रॉइट्सलिंगेन ही गावे एकमेकांना इतकी लागून आहेत की एरवी एकातून दुसऱ्यात गेल्याचे जाणवतही नाही. मार्च २०२० मध्ये त्यांच्यामध्ये जाळीचे कुंपण घातले गेले. माणसे कुंपणापाशी येऊन जाळीतून हात धरू लागली, म्हणून काही दिवसांनी पहिल्या कुंपणापासून अंतर राखून दुसरे कुंपण उभे राहिले. मे महिन्यात दोन्ही काढली गेली. बेल्जियम आणि नेदरलँड्स यांची सीमा ज्या बार्ले गावातून वेडीवाकडी जाते, तिथे एका कपड्यांच्या दुकानाचा बेल्जियममधील अर्धा भाग पट्टी लावून बंद होता आणि नेदरलँड्समधील अर्ध्या भागात विक्री चालू होती, कारण एका देशाचा नियम एक होता आणि दुसऱ्याचा दुसरा. ऑस्ट्रेलियात मरी नदीच्या दोन काठांवर असलेल्या ऑल्बरी आणि वोडोंगा या जुळ्या गावांमधली राज्यसीमा ८ जुलै २०२० रोजी बंद झाली. त्यापूर्वी ती १९१९ मध्ये, त्या वेळच्या इन्फ्लुएंझाच्या साथीत बंद झाली होती. एका काठावर घर आणि दुसऱ्या काठावर काम किंवा दवाखाना असलेली शेकडो माणसे तिथे रोज परवाना दाखवून पूल ओलांडत होती.

अशा सीमा घालाव्यात की नाहीत? माझे मत असे बनले आहे की घालाव्यात, पण दोन अटींवर. जिथे संसर्ग वाढला आहे तिथेच निर्बंध लावणे हे संपूर्ण देश बंद करण्यापेक्षा न्याय्य आहे, आणि सीमा वेळेवर घातली तर ती कामही करते. न्यूझीलंडमध्ये १०२ दिवस समाजातून एकही नवा संसर्ग आढळला नव्हता. ऑगस्ट २०२० मध्ये ऑकलंडमध्ये रुग्ण सापडताच ते शहर निर्बंधांच्या तिसऱ्या पातळीवर आणि उरलेला देश दुसऱ्या पातळीवर नेण्यात आला, शहराच्या वेशीवर तपासणी बसली आणि साखळी तुटली. तिथल्या चारही पातळ्यांचा अर्थ मार्चमध्येच जाहीर झालेला होता, त्यामुळे ‘तिसरी पातळी’ म्हटल्यावर कोणाला नव्याने काही समजावून सांगावे लागले नाही. ही माझी पहिली अट: नियम आणि तो लागू होण्याची रेषा आधी सांगितलेली असावी. भारतात मे २०२० च्या आरंभी ७३३ जिल्ह्यांची लाल, नारिंगी आणि हिरव्या विभागांत वाटणी झाली, १३० लाल, २८४ नारिंगी आणि ३१९ हिरवे. त्यात २१ दिवसांत नवा रुग्ण नसणे ही हिरव्या रंगाची अट होती, आणि ती सामान्य माणसाला लक्षात ठेवता येण्यासारखी होती.

दुसरी अट पैशाची आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये तीन स्तरांची पद्धत आली आणि ग्रेटर मँचेस्टरवर सर्वांत कडक स्तर लादण्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा तिथले महापौर अँडी बर्नहॅम यांनी बंद होणाऱ्या व्यवसायांतील कमी पगाराच्या लोकांसाठी किमान ६.५ कोटी पौंडांची मागणी केली. सरकार ६ कोटींपर्यंत आले आणि बोलणी फिसकटली. हा वाद चालू असताना कित्येकांना तो लाजिरवाणा वाटला. मला तो अत्यावश्यक वाटतो. एका प्रदेशाने घरात बसून शेजारच्या प्रदेशाचे रक्षण करायचे असेल, तर त्या बसण्याचा खर्च फक्त बसणाऱ्यांनी का उचलावा? ज्याचे पोट रोजच्या कामावर आहे त्याच्या हातात निर्बंधांचे पत्रक दिले आणि दुसऱ्या हातात काहीच दिले नाही, तर त्याने नियम मोडल्याचा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही.

नियम आधी सांगितला नाही किंवा तो सांगण्याआधीच फुटला तर काय होते, याचे उदाहरण इटलीत सुरुवातीलाच दिसले. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे ११ लहान गावे बंद झाली होती. ७ मार्चच्या रात्री उत्तरेकडचा संपूर्ण लोम्बार्डी प्रांत बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा बातम्यांत आला आणि मिलानच्या स्थानकावर दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी लोक धावले. त्या लोकांना मी बेजबाबदार म्हणणार नाही. आपली माणसे दुसऱ्या प्रदेशात असताना दार बंद होणार असे कळले तर मीही धावले असते. ८ मार्चला लोम्बार्डी बंद झाली आणि ९ तारखेच्या रात्री सर्व देशासाठी तोच नियम जाहीर करावा लागला.

मुदतीचेही तसेच. शांघायमध्ये मार्च २०२२ च्या अखेरीस हुआंगपू नदीच्या पूर्वेचा भाग चार दिवस आणि मग पश्चिमेचा भाग चार दिवस बंद ठेवण्याचे जाहीर झाले होते. शहर खऱ्या अर्थाने खुले झाले ते १ जूनला. चार दिवसांच्या तयारीने माणूस दोन महिने काढू शकत नाही. याउलट मेलबर्नमध्ये २०२० च्या हिवाळ्यात लोकांनी रात्रीची संचारबंदी आणि घरापासून पाच किलोमीटरची मर्यादा सोसली, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला दिवसाला सातशेच्या आसपास गेलेला राज्याचा आकडा २६ ऑक्टोबरला शून्यावर आलेला पाहिला. तिथेही संताप होता, आंदोलने झाली, मुलांचे आणि एकट्या माणसांचे फार हाल झाले. ते शून्य कितीला पडले हे तिथे राहिलेल्यांनीच सांगावे.

आईच्या प्रदेशात दुसरी लाट आली तेव्हा पहिल्या लाटेत न भेटलेला विषाणू तिथे सगळ्यांना एकदमच भेटला. ज्या ठिकाणी आधी फारसा संसर्ग झालेला नसतो तिथे नंतर बाधित होऊ शकणारी माणसे जास्त उरलेली असतात, ही साधी गोष्ट आम्ही ‘इथे काही होत नाही’ या समाधानात विसरलो होतो. झेक प्रजासत्ताकात असेच घडले होते. मार्चमध्येच मुखपट्टी सक्तीची करून त्या देशाने पहिली लाट फार कमी हानी होऊन पार केली. ३० जून २०२० रोजी प्रागमधील चार्ल्स पुलावर सुमारे ५०० मीटर लांब मेज मांडून हजारो लोकांनी एकत्र जेवण करत साथीला निरोप दिला. आणि ऑक्टोबरपर्यंत लोकसंख्येच्या प्रमाणात जगातील सर्वाधिक रुग्ण असलेल्या देशांत त्याची गणना होऊन शाळा आणि उपाहारगृहे पुन्हा बंद झाली. त्या लांब मेजाचे चित्र पाहून मला हसू आले नाही. आमच्या आईच्या गल्लीतही जून महिन्यात तसाच सुटकेचा आनंद होता, आणि तो आनंद घेण्याचा त्यांना अधिकार होता.

दोन आठवड्यांत तिथले रुग्णालय भरले. मग ज्या पाटीपासून मला परत पाठवले होते तिथूनच रुग्णवाहिका उलट दिशेने, आमच्या प्रदेशातल्या मोठ्या रुग्णालयांकडे येऊ लागल्या, आणि आमच्याकडचे काही लोक ‘त्यांचे रुग्ण’ आपल्या खाटा अडवत असल्याची कुरकुर करू लागले. त्याच दिवसांत मावशी गेली. तिचा आजार जुना होता, या विषाणूशी त्याचा संबंध नव्हता, पण अंत्यसंस्काराला उपस्थितीची मर्यादा तीच होती. आई जाऊ शकली नाही. बहिणीचे शेवटचे दर्शन तिने कुणीतरी हातात धरलेल्या फोनच्या पडद्यावर घेतले, आणि ते चित्र मधेच थांबत होते. तो नियम बरोबर होता असे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. आईला मात्र ते मी कधी म्हणून दाखवले नाही.

आकड्याचा अर्थ नंतर हळूहळू सुटत गेला. लस आल्यावर बाधित होणे आणि गंभीर होणे यांतले नाते सैल झाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने विषाणूच्या ओमायक्रॉन या नव्या प्रकाराची माहिती जगाला प्रामाणिकपणे दिली आणि बक्षीस म्हणून तिथल्या विमानांना कित्येक देशांनी दारे बंद केली, तेव्हा तो ओमायक्रॉन नेदरलँड्समध्ये आधीच पोहोचलेला होता, हे जुन्या नमुन्यांवरून पुढे दिसले. त्या अन्यायाची खंत मला अजून वाटते, कारण पुढच्या वेळी कोणता देश लवकर सांगायला धजावेल? ओमायक्रॉनच्या लाटेत वहीतले आकडे पूर्वी कधी नव्हते एवढे मोठे झाले, पण रुग्णालयात जाणाऱ्यांचे प्रमाण पूर्वीपेक्षा कमी राहिले. शिवाय लोक घरीच चाचणी करून घरीच राहू लागले, आणि त्यांची नोंद कुठेच होईना. आई त्याच लाटेत बाधित झाली, तीन मात्रा झालेल्या असल्याने चार दिवसांत तापातून उठली, आणि तिचा आकडा कोणत्याही यादीत गेला नाही. मी वही त्या आठवड्यात बंद केली. जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले ते त्यानंतर बऱ्याच काळाने, ५ मे २०२३ रोजी.

पुन्हा अशी वेळ आली तर काय करायचे, हे ताईने, आईने आणि मी मिळून मागच्या वर्षी ठरवून ठेवले आहे. कुठल्याही रकान्यातला आकडा चढण्याची वाट न पाहता, पहिली बातमी येताच आईने ताईकडे जायचे, कारण ताईच्या घरापासून मोठे रुग्णालय जवळ आहे. औषधांचा दोन महिन्यांचा साठा आणि जुन्या तपासण्यांची कागदपत्रे एका पिशवीत तयार ठेवायची. परवान्यासाठी लागणारा आमच्या नात्याचा पुरावा तिघींकडेही असावा. आई या सगळ्याला तयार झाली, फक्त आपले घर किती दिवस बंद राहील हे तिने दोनदा विचारले. त्याचे उत्तर आमच्याकडे नव्हते, आणि तसे आम्ही तिला सांगितले.